अस्सल गोळी

बाविसावी गोळीही खोटी निघाली. यंत्राचा लाल दिवा लागला आणि औषध खात्याच्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"अख्खं शहर खडू खातंय! पहिलं कुलूप यांच्या दुकानाला."

'यांच्या' म्हणजे समोर उभ्या असलेल्या औषधवाल्या काकांच्या. चाळीस वर्षांचं दुकान पाच वाजता सील होणार होतं. काका चांगलेच तापले होते.

"साहेब, बावीस दुकानं, बावीस गोळ्या, सगळ्या एकाच कंपनीच्या प्रेशरच्या आणि सगळ्या खोट्या? मग खरी कुठली?"

यंत्राचं काम तसं साधं होतं. गोळीवर प्रकाश टाकायचा, की तिच्यात जे आहे त्याप्रमाणे पडद्यावर चढउतारांची एक रेघ उमटते. संगणक ती रेघ अस्सल गोळीच्या रेघेशी ताडून पाहतो. जुळली नाही की लाल दिवा. अस्सल गोळी कंपनीकडून मागवायची असते. पण कंपनीची वाट पाहत बसतील ते साहेब कसले!

"खरी ही!" साहेबांनी खिशातली चपटी डबी उघडून नाचवली. "यातलीच दिली मी यंत्राला. दोन वर्षं रोज सकाळी एक घेतोय. प्रेशर एकशेवीस-ऐंशी, जराही हलत नाही!"

काकांनी डबीत डोकावून पाहिलं. भांडायला उघडलेलं तोंड मिटलं. ते हळूच स्टुलावर बसले आणि कपाळाचा घाम पुसू लागले.

"चोराच्या मनात चांदणं," साहेब यंत्रावर बसलेल्या तपासनीस बाईंच्या कानात म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "काय काका, काही सांगायचंय?"

"नाही," काका म्हणाले. "लावा कुलूप."

बाईंना काही हे पटेना. आत्तापर्यंत तावातावाने भांडणारा माणूस एकदम गार कसा पडला? त्यांनी बावीसही रेघा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सख्ख्या बहिणींसारख्या जुळल्या. वेगळी होती ती साहेबांची एकटीच. मग ती रेघ त्यांनी संगणकातल्या इतर पदार्थांशी ताडली. उत्तर लगेच आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"साहेब, या बावीस गोळ्या खऱ्या आहेत. तुमची साखरेची आहे. नुसती साखर."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अगं, माझ्या गोळ्या कुठून आणतेस?"

पलीकडून बायकोचा आवाज आला.

"कळलं का शेवटी? अहो, डॉक्टर तेव्हाच म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, नुसती काळजी करता. पण गोळी मिळाल्याशिवाय तुम्ही त्यांच्या खुर्चीवरून उठेनात! मग त्यांनीच या सुचवल्या. कोपऱ्यावरचे औषधवाले काका देतात. त्यांना मी शपथ घातलीय, यांना कधी सांगायचं नाही म्हणून. त्या भल्या माणसाला काही बोलू नका हं."

फोन बंद झाला. साहेबांनी सीलचा हुकूम उचलला आणि टराटरा फाडला. मग ते काकांकडे वळले. राग आला होता, लाजही वाटत होती, आणि डोळे उगाचच भरून आले होते.

"अहो, दुकान जात होतं तुमचं! एका शब्दानं बोलायचं होतं!"

"बोललो असतो हो," काका म्हणाले, "पण तुमचं प्रेशर वाढलं असतं ना, साहेब."