एकशे तीन ताप

कुमुदमावशींनी चहा पुढ्यात ठेवला तरी डॉक्टर तडवी मान वर करेनात.

"चूक माझीच आहे, मावशी. औषध रक्तात झोपून राहावं आणि कर्करोगाच्या गाठीत शिरल्यावरच जागं व्हावं, असं मी ते घडवलं होतं. काल तुमच्या काखेतल्या पट्टीनं एकशे तीन ताप कळवला. म्हणजे ते रक्तातच जागं झालं. हे औषध घेणाऱ्या चाळीसही जणांची सुई थांबवलीय."

याच आजारावरच्या जुन्या सुईनं मावशींची थोरली बहीण तीन दिवस तापानं फणफणली होती, आणि बरी झाली होती. मावशींचं मात्र या नव्या औषधाच्या दोन सुयांनंतरही अंग साधं कोमट झालं नव्हतं. औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर ते बंद करतील, हीच भीती त्यांनी मनात धरली होती.

"मग बाकीच्यांचं काय?"

"मी नवं औषध घडवेपर्यंत थांबायचं. काहींना तेवढा वेळ नाही."

मावशींनी काखेतली पट्टी काढून डॉक्टरांच्या कपाला टेकवली. एकशे तीनचा आकडा उमटताच, काल उचलली होती तशीच, झटकन उचलली आणि खाली मान घालून त्यांच्यापुढे धरली.