दोन मिनिटं चार सेकंद

"दोन चार," हातातल्या घड्याळाकडे पाहत ऑटिस बॅरो म्हणाला.

लेलंड प्रूइट गवतावर पालथा पडला. तोंडात रक्ताची चव आली होती. अर्धा मैल, दोन मिनिटं चार सेकंद. गेल्या शनिवारीही तेवढेच.

"मर आता तिथेच," बॅरो म्हणाला. "माझी आजी दुखऱ्या गुडघ्याने याहून लवकर पोचेल."

"मग बोलव तिला."

"तिला सवड नाही, मक्याचा पाव भाजतेय. ऊठ, लेका. अजून दोन सेकंद काढायचेत तुझ्यातून."

सैनिकी शाळेतलं दोघांचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं एकाच खोलीत काढलेली. बॅरो बेसबॉल संघात फलंदाजामागे चेंडू झेलणारा. मार्चमध्ये चेंडू लागून त्याची दोन बोटं मोडली, म्हणून मेजर थॅकरनी त्याला धावणाऱ्यांची वेळ मोजायला बसवलं. दोन्ही खेळ मेजरांकडेच होते, पण वसंतात ते बेसबॉलच्या मैदानावरून हलत नसत. धावण्याची वही ते मोसम संपल्यावरच उघडत. तोवर ती वेळ मोजणाऱ्याकडे. त्याने वेळ लिहायची, सही करायची; सही नसलेली वेळ धरली जात नसे. धावणाऱ्याने वहीला हात लावायचा नाही.

लष्करी अकादमीसाठी शाळा दर वर्षी एकच नाव पाठवी. यंदा दोन उरली होती: प्रूइट आणि बॅरो. गुणांत प्रूइट पुढे होता. पण एका तरी शनिवारी अर्धा मैल दोन मिनिटं दोन सेकंदांच्या आत धावल्याची नोंद त्याला हवी होती. ती नसेल तर शाळा त्याचं नाव पाठवणारच नव्हती; मग जागा बॅरोची, आणि प्रूइट जूनमध्ये वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत.

त्याच आठवड्यात रेनफ्रोला ढोल वाजवून काढलं. बंदूक साफ केली म्हणून सांगितलं आणि केली नव्हती. खोटं बोलणाऱ्याला शाळेत एकच शिक्षा. न्याहारीआधी सगळे मैदानात पाठ फिरवून उभे राहतात, ढोल वाजतो, मुलगा बॅग घेऊन फाटकाबाहेर जातो. मग धोब्याच्या यादीपासून सगळ्या कागदांवरून त्याचं नाव खोडतात. रेनफ्रो बेसबॉल संघात होता. मेजरांनी लाल शाईने त्याच्या धावा खोडल्या, आणि जिंकलेले दोन सामने शाळेच्या वहीत हरलेले झाले.

"समोरच्या संघातल्या पोरांना अजून पत्ताच नाही, की ते जिंकले!" जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं. प्रूइटला तर हसून ठसकाच लागला.

बॅरो हसला नाही. "धावा तर त्याने खऱ्याच काढल्या होत्या ना?"

"नियम तो नियम," प्रूइट म्हणाला.

पुढच्या शनिवारी प्रूइट मुठीत एक घड्याळ धरून धावला. दवाखान्यातल्या नर्सकडून मागून आणलेलं. आदल्या दिवशी प्रार्थनाघराच्या घंटेशी तासभर ताडून पाहिलं होतं. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"दोन चार," बॅरो म्हणाला. "माझ्या आजीने निरोप दिलाय, तू तिची लाज काढतोयस."

प्रूइटने मूठ उघडली. दोन मिनिटं एक सेकंद.

त्याने घड्याळ खिशात टाकलं. एका मापावर विश्वास ठेवायचा नसतो. शेवटच्या शनिवारी त्याने पुन्हा मोजलं. बॅरोचे चार, मुठीतला एक. तीन सेकंद, दोन्ही वेळा. ही चूक घड्याळाची नव्हती.

एकच जागा. दोन नावं. मोसम संपलेला.

रविवारी प्रार्थना संपताच तो खोटेपणाचा निवाडा करणाऱ्या सन्मान समितीकडे गेला. दुपारी समिती बसली: शेवटच्या वर्षाची पाच मुलं, पांढरे हातमोजे घातलेली.

"मिस्टर बॅरो, मिस्टर प्रूइटना तुम्ही खोटी वेळ सांगितलीत?"

"होय, सर."

"एकदाच?"

"दर शनिवारी, सर."

बॅरोने प्रूइटकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. पण विचारलं तेवढंच बोलायचं, हा समितीचा नियम. आणि का, हे समिती कधीच विचारत नाही. ती रात्र बॅरोने पहाऱ्याच्या खोलीत काढली.

सोमवारी न्याहारीआधी ढोल वाजला. प्रूइटने इतरांसारखी पाठ फिरवली. मागून पावलं गेली. एका जागी ती थबकल्यासारखी वाटली. मग फाटक वाजलं.

नऊ वाजता मेजर थॅकरनी त्याला बोलावलं. त्यांच्या टेबलावर धावण्याची वही होती.

"सर, वही खोटी आहे," प्रूइट म्हणाला. "मला पुन्हा धावू द्या. आज, आत्ता."

"मोसम शनिवारी संपला, मिस्टर प्रूइट. आणि वही खोटी आहे असं कोण म्हणतं?" मेजरांनी ती त्याच्याकडे फिरवली.

मोडक्या बोटांनी काढलेलं वेडंवाकडं अक्षर. 'प्रूइट. २३ एप्रिल: दोन मिनिटं एक. ३० एप्रिल: दोन मिनिटं एक. ७ मे: दोन मिनिटं एक. १४ मे: दोन मिनिटं एक.' प्रत्येक ओळीपुढे बॅरोची सही. आणि समासात: 'त्याला तीन सेकंद वाढवून सांगतो. खरी वेळ कळली तर गडी ढिला पडेल. सोमवारी न्याहारीला सांगेन.'

प्रूइटने दोनदा वाचलं.

मेजरांनी खणातून लाल शाईची बाटली काढली. बॅरोच्या पहिल्या सहीवर लाकडी पट्टी ठेवली.

"जरा धरा ही, मिस्टर प्रूइट," ते म्हणाले. "हलू देऊ नका."