किनाऱ्याकडचं वळण

"दाब! टाच दाब!" बाबा काठावरून ओरडले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मुलगी शिडासकट पाण्यात आडवी झाली. सकाळपासून हेच चाललं होतं.

बाबांचं डोकंच चालेना. वारा झकास होता, पोरगी धडधाकट होती, आणि शीड धरायला तिला त्यांनीच तर शिकवलं होतं. पण त्यांच्या वेळची शिडाची फळी पाण्यावर आपटत, खडखडत जायची. वळायचं तर टाचेने कड दाबायची, की झालं. ही नवी फळी पाण्याला शिवतच नाही. खाली एक खांब, खांबाला पाण्यात बुडालेलं पातं, आणि त्या पात्याच्या जोरावर ही बया हवेतून येते, मांजरीसारखी, चाहूलसुद्धा लागू न देता. दाबलं की पडते. नाही दाबलं तरी पडते! दुपारी संघाची निवड होती, आणि वळणावर पडणाऱ्याला तिथे कोण विचारतंय?

कोचबाई घोटाभर पाण्यातून चालत त्यांच्याकडे आल्या.

"काका, लांबच्या वळणावर ती एकदाही पडलेली नाही. फक्त किनाऱ्याकडच्या वळणावर पडते."

"डावा पाय कच्चा आहे तिचा. लहानपणापासून."

"पायाचं काही नाही हो. वळताना जिकडे जायचंय तिकडे बघायचं असतं. ती ऐन वळणात इकडे बघते."

"इकडे काय आहे?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. वाळू, टॉवेल, पाण्याची बाटली आणि त्यांची घडीची खुर्ची. बराच वेळ त्यांना काही उमगेना. उमगलं तेव्हा कानशिलं तापली.

"म्हणजे मी घरी जाऊ?"

"तसं नाही म्हटलं मी, काका."

बाबा उठले. खुर्ची उचलली, फिरवली आणि पाण्याकडे पाठ करून बसले. समोर कपडे बदलायच्या खोलीची भिंत होती. जुनी फळी असती तर नुसत्या आवाजावरून त्यांनी सगळं सांगितलं असतं. आता कान टवकारले तरी वाऱ्याखेरीज काही नाही. ती आली? वळली? की अजून लांबच आहे? काही म्हणजे काही कळेना. त्यांची टाच मात्र वाळूत खोल खोल रुतत चालली होती.

पडल्याचा आवाज कसा तो आलाच नाही.

"वळली!" कोचबाई ओरडल्या. "काका, न पडता वळली! अहो, बघा ना मागे!"

बाबांची मान अर्धी फिरली आणि तिथेच थांबली.

"छे छे," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तिने बघितलं तर?"