काउंटरवरचं हसू

लेकीची ड्युटी संपायची वाट बघत आई हॉटेलच्या लॉबीत बसली होती. खोली आवडली नाही म्हणून एका बाईने काउंटरवर तोंड सोडलं होतं, आणि लेक हसून म्हणत होती, "दमला असाल तुम्ही. बसा, मी बघते."

आईच्या पोटात दुखू लागलं. हॉटेल मॅनेजमेंट शिकवलं आपण, आणि गोडवा सगळा परक्यांना. घरी मात्र हिचं तोंड सदा फुगलेलं.

घरी आल्यावर तिने विचारलंच, "माझ्याशी का नाही गं अशी बोलत?"

"तीन वर्षं तेच तर शिकले, आई. गिऱ्हाइकासमोर कितीही दुखलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही."

लेकीने सुजलेले पाय आईच्या मांडीवर टाकले आणि कपाळाला आठ्या घालून डोळे मिटले.

आईला काउंटरवरच्या त्या बाईची कीव आली.