डावा कोपरा

मरोद्याच्या मैदानावर उद्या कबड्डीची फायनल होती आणि कॅप्टन संघमित्रा आज बाबांवरच फुगून बसली होती. हथखोजच्या कारखान्यात लोडर चालवणाऱ्या बाबांनी लेकीची एकही मॅच पाहिली नव्हती, आणि उद्याही म्हणे ड्यूटीच! त्याची भरपाई म्हणून मालकाकडून लोडर मागून ते मैदान साफ करायला आले होते.

पण काय ते लोडरच्या पुढचं बकेट! जबड्यासारखं उघडायचं, विटांचे तुकडे अन् बाभळीची खोडं चिमटीत धरावीत तशी उचलून कडेला ठेवायचं. मग मशीन मागे घेता घेता त्याच बकेटच्या धारेनं माती अशी सपाट व्हायची, जणू सारवलेलं अंगण. साऱ्या टीमनं शिट्ट्या मारल्या. संघमित्रानं मात्र हसू दाबून धरलं.

मैदान झालं, तरी बाबा डाव्या कोपऱ्यावरूनच पुन्हा पुन्हा लोडर फिरवत राहिले. चौथ्या फेरीला तिचा धीर सुटला.

"बाबा, हो गया ना! तिथंच कावून घासून राहिले?"

"रेड मारून वापस येतानी तू त्याच कोपऱ्यात पडते, माय. गुडघे फोडून घेते."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगन कोन? नाइट करून येतो तवा रोज सकाळी तुमची प्रॅक्टिस पाहतो ना मी, भिंतीच्या मांगून. मले पाहून तू गडबडशीन, म्हनून समोर येत नाही."