बिनशिवणीचा चेंडू

फुटबॉलच्या स्पर्धेत गोलच होत नाहीत, लोक कंटाळून टीव्ही बंद करतात, अशी ओरड झाली तेव्हा चेंडूच्या कारखान्यात चेंडूची रचना करणाऱ्या तिनेच डोकं लढवलं. शिवण काढून टाकली, मोजकेच तुकडे चिकटवले आणि चेंडू इतका गुळगुळीत केला की चाचणीत तो ऐनवेळी हवेतच भलतीकडे वळू लागला.

साहेब खूश झाले. "आता गोलांचा पाऊस पडणार. फक्त बाहेर कुणी विचारलं, तर चेंडू सरळच जातो. कळलं?"

पाऊस पडलाही. पण उपांत्य सामन्यातला शेवटचा गोल झाला तो तिच्याच धाकट्या भावावर. लांबून आलेला साधा फटका, आणि हा गोलरक्षक उलट्या बाजूला झेपावला. सामना विकला म्हणून लोक त्याच्या नावाने बोटं मोडू लागले. घराच्या काचा फुटल्या. बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

एकदा जेवताना तो ताटाकडे बघत पुटपुटला, "शपथेवर सांगतो, चेंडू हवेत वळला."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि मुलीकडे पाहिलं. "चेंडू तू बनवतेस. तूच सांग, असं होतं का कधी?"

भावाने मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. ताई आपल्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

 

"चेंडू सरळच जातो, बाबा," ती म्हणाली, आणि तिने भावाला आणखी थोडा भात वाढला.