हात घरी

"हा कीबोर्ड आहे की सर्कशीचा तंबू?" दुकानात शिरल्या शिरल्या नाकतोडीने तोफ डागली.

प्रत्येक गोष्टीला नाक मुरडते म्हणून घरात तिचं नाव नाकतोडी पडलं होतं, आणि ती ते पदकासारखं मिरवायची. आज तर आत्याने तिला खास निवाडा करायला आणलं होतं. आत्या कचेरीत टंकलेखिका. सोमवारी वेगाची चाचणी होती, आपापला कीबोर्ड आणायची मुभा होती. नापास झाली, तर पंचवीस वर्षांची खुर्ची सोडून टपालाच्या खिडकीत बसायचं. आणि अशा वेळी बाईंना हवा काय, तर गेम खेळणाऱ्या पोरांचा, पोटात दिवे लागणारा कीबोर्ड!

"लाखो रंग आहेत यात," दुकानदार म्हणाला. "प्रत्येक बटणाला हवा तो लावा."

"लाखो रंग, आणि शोभा एकालाही नाही. आणि आवाज तरी केवढा! थंडीत दात वाजावेत तसा." ती आत्याकडे वळली. "तू कधी बटणांकडे बघतेस तरी का गं? मग दिवे कोणासाठी? डासांसाठी?"

खोटं नव्हतं ते. आत्या खिडकीबाहेर बघत पानंच्या पानं बडवायची. नाकतोडीलाही तिनेच शिकवलं होतं: दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, दोन्ही तर्जन्यांना ते लागले की हात घरी पोचले. मग खाली बघायचंच नाही.

"आवडला मला, बस," आत्या पुटपुटली आणि तर्जनीवरची चिकटपट्टी चाचपू लागली. सकाळी इस्त्रीला बोट टेकलं होतं. जळका वास येईपर्यंत बाईंना पत्ताच नव्हता. 'लक्ष कुठे असतं हिचं!' नाकतोडीने तेव्हाही ऐकवलं होतं.

"ते दिवे मालवा हो काका. आता खरी परीक्षा," तिने फर्मावलं.

दुकानदाराने दिवे मालवले, संगणकावर मराठी लावलं. आत्याने समोरच्या भिंतीकडे बघत हात ठेवले आणि सरावाची नेहमीची ओळ झरझर मारली, 'कागद जपा'.

पडद्यावर उमटलं, 'तीदज डरी'.

नाकतोडी खो खो हसली. "तीदज डरी! अहो काका, हा दिसायला जोकर आणि बोलायलाही जोकरच! निकाल लागला. नापास!"

"बटणं ठणठणीत आहेत," दुकानदार चिडला.

"मग 'क'चा 'त' कसा झाला? 'ग'चा 'द'? 'प'चा..."

ती थबकली. कीबोर्डवर 'क'च्या शेजारी 'त'. 'ग'च्या शेजारी 'द'. 'प'च्या शेजारी 'र'. सगळी अक्षरं बरोब्बर एकेक घर सरकली होती.

तिने खाली पाहिलं. आत्याच्या दोन्ही तर्जन्या उंचवट्यांच्या शेजारच्या सपाट बटणांवर टेकल्या होत्या. घरी पोचल्यासारख्या, अगदी निवांत.

आत्या अजून भिंतीकडेच बघत होती. "हात घरीच आहेत ना गं?" तिने हळूच विचारलं.

नाकतोडीने घाईघाईने ओळ पुसून टाकली.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "बाकी सगळं अंधारात ठेवून फक्त दोनच बटणं पेटवता येतात का? ही दोन?"